बीसीएनंतर सर्टिफिकेशन केलं तर आयटीत नोकरीला उपयोग होतो का? (दारव्हा, जि. यवतमाळ)

दारव्हा_७
धाकटा भाऊ अमरावती विद्यापीठातून बीसीए करतोय, शेवटचं वर्ष. दहावी-बारावीला ६५ टक्क्यांच्या वर, एक बॅकलॉग बाकी. अमरावतीचा एक क्लास 'फुल स्टॅक, क्लाउड, सायबर सिक्युरिटी, सहा महिने, १०० टक्के प्लेसमेंट' म्हणून ६५ हजार मागतोय. सोयाबीनचे पैसे आलेत, पण ते एकदाच खर्च करता येतील. एमएस-सीआयटी झालेलं आहे. घरी ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, नेट मोबाईलचं, दुपारची लाइट जाते. क्लास लावावा की एखादं नावाजलेलं सर्टिफिकेशन करावं? कोणतं?

क्रिम्पर_बडनेरा
सगळ्यात आधी बॅकलॉग. बऱ्याच मोठ्या सर्व्हिस कंपन्या फ्रेशर घेताना दहावी, बारावी, पदवी तिन्हीकडे ६० टक्के आणि बॅकलॉग नको, अशी चाळणी लावतात. तिथे अडकलेल्या अर्जावरचं सर्टिफिकेट कोणी वाचत नाही. एमएस-सीआयटी सरकारी भरतीत मागतात, आयटी कंपनीत त्याला वजन नाही.

आता सर्टिफिकेशनचं. आधी काम ठरवा, मग परीक्षा. तिन्ही विषय सहा महिन्यांत शिकवतो म्हणणाऱ्याकडून एकही धड होत नाही. नेटवर्कच्या कामाला सीसीएनए (नेटवर्कची साधनं बनवणाऱ्या सिस्को कंपनीची परीक्षा) खरंच मोजतात, कारण जाहिरातीतच ते मागितलेलं असतं. परीक्षा २००-३०१, वेळ १२० मिनिटं, फी ३०० डॉलर, म्हणजे करासकट तीस हजारांच्या आसपास. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. सरावाला राउटर विकत घ्यायची गरज नाही. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत खातं उघडलं की पॅकेट ट्रेसर (कॉम्प्युटरवरच नेटवर्क जोडून बघायचं सॉफ्टवेअर) फुकट मिळतं आणि ते ४ जीबीतही चालतं.

मुलाखतीत पाठांतर कुठे उघडं पडतं ते सांगतो. ट्रंक पोर्टवर (स्विचच्या ज्या पोर्टमधून अनेक व्हीएलॅन जातात) व्हीएलॅन (एकाच नेटवर्कमध्ये पाडलेले वेगळे गट) १० आणि २० आधीपासून चालू आहेत, आता ३० वाढवायचं. पोरगं 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीएलॅन ३०' लिहून मोकळं होतं. मध्ये 'अ‍ॅड' शब्द नाही, त्यामुळे जुनी यादी पुसली जाते आणि १० व २० वरचे सगळे बंद पडतात. दुसरा ठरलेला प्रश्न: कॉम्प्युटरला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला, का? डीएचसीपी सर्व्हरकडून (पत्ते वाटणारं यंत्र) उत्तर आलं नाही म्हणून यंत्राने स्वतःच पत्ता घेतला. मग केबल, पोर्टचं व्हीएलॅन, डीएचसीपीचा पूल (वाटायच्या पत्त्यांचा साठा) संपला का, या क्रमाने बघायचं. हा क्रम ज्याला सांगता येतो तो सपोर्टच्या नोकरीला सर्टिफिकेटशिवायही चालतो.

पेंग्विन_वर्धा
वरच्याशी सहमत, फक्त लिनक्सची बाजू जोडतो. रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसए (ईएक्स२००) पूर्ण प्रात्यक्षिक आहे, पर्याय निवडायचे नसतात. ३०० पैकी २१० लागतात. म्हणूनच तिला किंमत आहे. इथे पोरं नापास होतात ती कमांड येत नाही म्हणून कमी आणि रीबूटनंतर काम टिकत नाही म्हणून जास्त. 'एफएसटॅब' फाइलमध्ये (मशीन सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) एक अक्षर चुकलं की मशीन पुढच्या वेळी वर येतच नाही, मग बाकीचं बरोबर असून गुण मिळणार कसे? ओळ लिहिली की लगेच 'माउंट -ए' (यादीतल्या डिस्क आत्ताच जोडणारी कमांड) चालवून बघायचं, आणि पेपर संपायच्या आधी एकदा स्वतः रीबूट करायचं.

लिनक्सच्या या सरावासाठी मात्र ८ जीबी रॅम हवी. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जाऊन किती स्लॉट भरलेत ते बघा. रॅम डीडीआर३ आहे की डीडीआर४ ते लॅपटॉप उघडून पट्टीवरच वाचा, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची असेल तर एसएसडी टाका, फरक तिथेच जास्त पडतो. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू करा, नाहीतर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत दुसरं आभासी मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) ६४-बिट मशीन सुरूच होत नाही. अल्मालिनक्सची (रेड हॅटसारखंच फुकट लिनक्स) मिनिमल आयएसओ उतरवा, पूर्ण डीव्हीडीची फाइल मोबाईलच्या रोजच्या डेटात मावणार नाही.

अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेची एडब्ल्यूएस क्लाउड प्रॅक्टिशनर परीक्षा (६५ प्रश्न, ९० मिनिटं, १०० डॉलर) सोपी आहे, पण तिच्यात सेवांची नावं आणि बिलाचा हिशेबच जास्त. एवढ्यावर फ्रेशरला कोणी क्लाउडचं काम देत नाही.

वऱ्हाडी_कोडर
राजेहो, ६५ हजार काऊन देता? 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हंजे काय ते कागदावर लिहून मागा: पोस्ट कोणती, पगार किती, नाई लागली तर पैसे वापस का? बहुतेक ठिकाणी 'प्लेसमेंट' म्हंजे कॉल सेंटरचा इंटरव्यू असते.

पोट्ट्याले प्रोग्रामिंगच करायचं असन तर सर्टिफिकेटच्या मांगं लागू नोका. तिथं गिटहब (आपला कोड ठेवाची साइट) पायतात. एक काम पूर्ण करायले सांगा: अ‍ॅगमार्कनेट या सरकारी साइटवरचे बाजार समितीचे रोजचे भाव पायथननं घ्यायचे, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये टाकायचे, यवतमाळ-दारव्हा-दिग्रसचे सोयाबीन भाव तुलनेनं दाखवायचे. दिसाले सोपं, पण स्क्रिप्ट दोनदा चालली की तेच भाव दोनदा भरतात. म्हून तारीख, बाजार, माल आन् वाण या चौघांवर मिळून युनिक की (तीच नोंद दुसऱ्यांदा घेऊ न देणारी अट) लावा लागते. आवक नसन त्या दिवशी भाव रिकामा येते, त्याले शून्य धरलं की सरासरी पडली खड्ड्यात. मुलाखतीत हेच सांगाचं.

फुकटात शिकाचं तर एनपीटीईएल (आयआयटीवाल्याइचे ऑनलाइन कोर्स) हाय. शिकणं मोफत, परीक्षेची फी हजार रुपये, आन् परीक्षा केंद्रावर जाऊनच द्या लागते, त्यामुळं ते सर्टिफिकेट जरा तरी इमानदार. विप्रोची विल्प योजना बीसीए-बीएस्सीवाल्याइसाठीच हाय, नोकरीसंगं एम.टेक. होते. करार मोठ्या मुदतीचा असते, वाचून सही करा.

दारव्हा_७
सगळ्यांचे आभार. त्याचा कल नेटवर्ककडे आहे, वायरिंग-राउटरची खटपट त्याला आवडते. सीसीएनए घरून देता येते म्हणतात, ते जमेल का? आणि टेलिग्रामवर 'खरे प्रश्न' ५०० रुपयांत मिळतात, त्यांचं काय?

क्रिम्पर_बडनेरा
घरून देऊ नका. ऑनलाइन परीक्षेत खोली रिकामी लागते, कोणी आत डोकावलं तरी पेपर थांबवू शकतात, आणि लाइट किंवा टॉवर गेला तर फी अडकते. नागपूरला पीअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीचं केंद्र आहे, आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करा.

टेलिग्रामचे प्रश्न घेऊ नका. चोरीचे प्रश्न वापरल्याचं सापडलं तर सिस्को निकाल रद्द करते आणि पुढे परीक्षेला बसू देत नाही. शिवाय त्यातली बरीच उत्तरं चुकीची असतात.

नावाचा घोळ आधीच मिटवा. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, त्यामुळे पोरं खातं उघडतानाही तसंच भरतात आणि केंद्रावर ओळखपत्राशी नाव जुळत नाही. पासपोर्टवर किंवा वाहन परवान्यावर आहे तसंच नाव भरा. फोटो आणि सही दोन्ही असलेलं ओळखपत्र न्या, आधारवर सही नसते.

फी आत्ताच भरू नका. चार-पाच महिने पॅकेट ट्रेसर, रोज दोन तास. /२६ च्या नेटवर्कमध्ये वापरता येणारे पत्ते ६२, हे कागद न घेता सांगता आलं आणि ओएसपीएफचे (राउटरनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत) शेजारी राउटर का जुळत नाहीत याची तीन कारणं सुचली, की तारीख घ्या. बदलायची झाली तर परीक्षेच्या २४ तास आधीपर्यंत बदलता येते.