मदत हवी आहे: जुन्या जीपची पुढची चाकं थयथयाट करतात

नमस्कार मंडळी. घरी जुनी फोर बाय फोर डिझेल जीप आहे. चारी बाजूंना पाटे (लीफ स्प्रिंग), फोर बाय फोरसाठी पुढच्या चाकांचे हब खाली उतरून हाताने फिरवायचे. पन्नासच्या आसपास वेगात एखादा खड्डा लागला की पुढची चाकं अशी थडथडतात की स्टिअरिंग हातात राहत नाही. वेग अगदी उतरवला की मगच थांबतं.

एक मिस्त्री म्हणतो स्टिअरिंग बॉक्स बदला, दुसरा म्हणतो डॅम्पर (स्टिअरिंगचे हादरे शोषणारा दांडा) लावा. डॅम्पर म्हणजे मला दुखणं झाकणंच वाटतं. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं तर प्ले (ढिलेपणा) जाणवतो, आणि कुणी ब्रेक दाबून धरला तरी तो राहतोच. म्हणजे व्हील बेअरिंग नव्हे, किंग पिनचं (ज्या खिळीवर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं तिचं) बेअरिंग, बरोबर ना? शिम (बेअरिंग घट्ट-सैल करायच्या पातळ चकत्या) कमी करून भागेल की बेअरिंगच नवी टाकू? आधीच्या मालकाने रुंद टायर घातलेत, त्यांचा यात कितपत वाटा?

‘विकून टाक’वाल्यांना आधीच हात जोडतो! पावसाळ्यात भोरकडच्या आमच्या वाटेवर लो रेंजच्या (कमी वेग, जास्त ताकद) पहिल्या गिअरला, अ‍ॅक्सिलरेटरवर पायही न ठेवता ती चिखलातून चढते, आणि खाली रुतलेले नव्या गाड्यांवाले दोर मागतात.

यंदा नोंदणीचं नूतनीकरण आहे (15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी ही वारी असतेच), त्याआधी काम उरकायचंय. किंग पिनचा चांगला किट पुण्यात नाना पेठेत मिळेल, की कुर्ल्याचा सीएसटी रोडच गाठावा लागेल?