आमच्या दुकानातल्या रेडियममुळे आईला कॅन्सर झाला का?

कटिंगवाला, कराड

नमस्कार. माझं गाड्यांच्या रेडियमचं दुकान आहे. नंबरप्लेट, ट्रॉलीच्या मागचे पट्टे, टेम्पोवरची नावं. १४ वर्षं झाली. प्लॉटरवर शीट कापून निघाली की नको तो भाग सुईनं सोलून काढायचं काम आई करायची. तिचा हात बारीक कामाचा. 'चांगभलं'मधला अनुस्वार असा सोडवायची की कोपरासुद्धा उचलायचा नाही.

आईला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. वय ५८. शेक (रेडिएशन) चालू आहेत, २५ पैकी १९ झाले. नंतर आतून ३ शेक द्यायचे आहेत. त्यात किरणोत्सर्गी गोळी आत घालतात असं कळलं.

परवा एक जुनं गिऱ्हाईक दुकानात बसलं होतं. म्हणाले, रेडियमनं कॅन्सर होतो, नेटवर बघ, अमेरिकेत पोरी मेल्यात. रात्री शोधलं. खरंच मेल्या होत्या, आईसारखंच बारीक काम करणाऱ्या. तेव्हापासून झोप नाही. हे दुकान तिनं स्वतःच्या पाटल्या मोडून उभं करून दिलं आणि मीच तिला तिथं बसवलं.

दुसरं, माझी मुलगी २ वर्षांची आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, आजीजवळ झोपवू नका, अंगातून किरणं येतात. आईनं ते ऐकलं. आता ती स्वतःच पोरीला जवळ घेत नाही. कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा.

फिजिक्सचे सर

तुमच्या शीटमध्ये रेडियम नाही. दुकान बंद करून पूर्ण अंधार करा, शीट दिसणारच नाही. मग कपाळाजवळ टॉर्च धरून बघा, लखकन उजळेल. आत काचेचे बारीक मणी किंवा प्रिझम असतात, आलेला उजेड ते आल्या वाटेनं परत पाठवतात. स्वतःचा उजेड नाही, किरणोत्सर्ग नाही.

निवृत्त टेक्नॉलॉजिस्ट ताई

दादा, मी ३१ वर्षं रेडिओथेरपी विभागात काम केलं. आधी आईचं सांगते. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू इतका सर्रास आहे की बहुतेकांना आयुष्यात कधीतरी त्याचा संसर्ग होतो आणि आपोआप जातो. काहींच्यात तो वर्षानुवर्षं टिकून राहतो. यात तुमच्या शीटचा संबंध नाही, आणि दोष तुमचा नाही, आईचाही नाही. घरातल्या तिशीपुढच्या बायकांची तपासणी मात्र करून घ्या. मुलगी ९ वर्षांची झाली की लस द्या.

पोरीला आजीच्या कुशीत झोपवा, आजच. बाहेरून दिलेला शेक मशीन बंद झालं की संपतो, अंगात काही उरत नाही. आतल्या शेकाची 'गोळी' म्हणजे बहुतेक ठिकाणी इरिडियम-१९२चा सोर्स, तांदळाच्या दाण्याहून बारीक, पोलादी तारेच्या टोकाला बसवलेला. तिजोरीतून नळीवाटे येतो, काही मिनिटं थांबतो, परत तिजोरीत जातो. आई घरी येते ती तशीच, जशी गेली होती. काकूंनी ऐकलेलं असेल ते थायरॉइडच्या आयोडीन-१३१ बद्दल. ते औषध पोटात घेतात, म्हणून त्या पेशंटला काही दिवस वेगळं ठेवतात. तो उपचार वेगळा.

मी नोकरीला लागले तेव्हा हा आतला शेक सीझियमच्या नळ्यांनी द्यायचे. शिशाच्या आडोशामागे उभं राहून लांब चिमट्यानं आम्ही नळ्या भरायचो. बाई दीड-दोन दिवस कुशीसुद्धा न बदलता पडून राहायची, नातेवाइकांना आत येऊ द्यायचे नाहीत. सिस्टर पाणी पाजून लगेच मागं व्हायची. एकटीनं छताकडे बघत पडलेल्या त्या बायका मला अजून आठवतात. तुमच्या आईला हे भोगावं लागणार नाही, याचा मला मनापासून आनंद आहे.

आता त्या अमेरिकेतल्या पोरी. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात १९१७ पासून घड्याळाच्या तबकड्यांवर आकडे रंगवण्याचा कारखाना होता. रंगात खरं रेडियम आणि त्याच्या किरणांनी चमकणारं झिंक सल्फाइड. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरून वळवायचा, असं त्यांना शिकवलेलं. रंग बिनधोक आहे असंही सांगितलेलं, आणि त्याच कारखान्यातले केमिस्ट शिशाचे पडदे आणि चिमटे वापरत होते. रेडियम शरीरात कॅल्शियमसारखं वागतं, हाडांत जाऊन बसतं. त्याचे अल्फा किरण कातडीबाहेरून आत शिरू शकत नाहीत, पण हाडात बसलेलं रेडियम आतून जाळत राहतं. दात पडले, मग जबडे सडले. त्यांच्यातल्या ग्रेस फ्रायरला वकील मिळायला दोन वर्षं लागली. १९२७ मध्ये पाच जणींनी दावा लावला आणि १९२८ मध्ये तडजोड झाली: प्रत्येकी १०,००० डॉलर, वर्षाला ६०० डॉलर आणि औषधाचा खर्च. माझ्या छातीवर ३१ वर्षं टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा बिल्ला होता, दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जायचा. त्या पोरींकडे असलं काहीच नव्हतं. बॅज लावताना मला त्यांची आठवण यायची.

हेच रेडियम औषध कसं झालं, तेही सांगते. १८९६ च्या मार्चमध्ये पॅरिसला हेन्री बेकरेल या शास्त्रज्ञांनी खणात ठेवलेली फोटोची काच धुतली. ऊन पडलं नव्हतं, तरी युरेनियमच्या क्षारांचा ठसा तिच्यावर उमटला होता. मारी आणि पिएर क्युरींनी १८९८ मध्ये पिचब्लेंड खनिजातून आधी पोलोनियम, मग रेडियम शोधलं. १९०१ मध्ये बेकरेलच्या जाकिटाच्या खिशात रेडियमची नळी राहिली आणि कातडी भाजली. पिएरनी मुद्दाम स्वतःच्या दंडावर ठेवून जखम करून घेतली. निरोगी कातडी जळते तर रोगट पेशीही जळतील, हा विचार तिथून आला. त्याच वर्षी पॅरिसमधल्या डॉक्टरांनी ते कातडीच्या रोगावर वापरलं. क्युरींनी शुद्ध करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं नाही. मारीबाई १९३४ मध्ये अस्थिमज्जा निकामी होऊन गेल्या. त्यांच्या वह्या पॅरिसमध्ये अजून शिशाच्या पेट्यांत ठेवतात. आईच्या आतल्या शेकाची सुरुवात त्या जखमेत आहे, असं मी तरी मानते.

दुकानाबद्दल एकच. शीटचे उरलेले तुकडे जाळू नका, पीव्हीसीचा धूर वाईट असतो.

नाशिककर

ताई, आजोबांचं जुनं घड्याळ आहे. काटे पूर्वी अंधारात चमकायचे, आता अजिबात नाही. म्हणजे त्यातलं रेडियम संपलं ना?

निवृत्त टेक्नॉलॉजिस्ट ताई

नाही. चमकणारं झिंक सल्फाइड झिजतं. रेडियम निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. काच शाबूत असेल तर कपाटात राहू द्या. उघडू नका, तबकडी खरवडू नका. दुरुस्तीला देणारच असाल तर कारागिराला आधी सांगा.

कटिंगवाला, कराड

ताई, सर, काय बोलू. सकाळी आईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग आपण ह्याला रेडियम का म्हणतो? माझ्या मते घड्याळाचं नाव अंधारात दिसणाऱ्या सगळ्याला चिकटलं असेल. मग तिनं त्या पोरींचं परत वाचायला लावलं. म्हणाली, ब्रशला टोक नसलं की आपोआपच हात तोंडाकडे जातो, मीसुद्धा सुई दातांत धरायची.

दुपारी पोरगी तिच्याजवळ झोपली.

आतला पहिला शेक पुढच्या गुरुवारी आहे. उपाशी न्यायचं का?

निवृत्त टेक्नॉलॉजिस्ट ताई

भूल देणार असतील तर हो. किती तास ते त्यांना फोन करून विचारा, आणि येताना थर्मासमध्ये पेज ठेवा.