इटालियन जेवण म्हटलं की मेंडोलिनच का?

सूरवेडा: मंडळी, एक शंका आहे. कुठल्याही इटालियन रेस्टॉरंटमध्ये जा, मागे मेंडोलिन हे तारवाद्य चालूच असतं. इटलीतले लोक खरंच जेवताना हे ऐकतात का, की सगळं टुरिस्ट लोकांसाठी? मला तो आवाज मनापासून आवडतो म्हणून विचारतोय.

भटकी: अख्ख्या इटलीचं म्हणाल तर नाही, हे सगळं नेपल्सचं, म्हणजे दक्षिण इटलीतल्या एका शहराचं. तिथे ट्रॅटोरियात म्हणजे साध्या खानावळीत गाणारे-वाजवणारे टेबलाटेबलाशी जाऊन गायचे, त्यांना पोस्तेज्जातोरी म्हणतात. मेंडोलिन, गिटार, कधी व्हायोलिन, गाणी नेपल्सच्या बोलीतली आणि गाणं झालं की पैशांसाठी ताटली फिरवायची, पोटापाण्याचा धंदाच होता तो. आपण जी गाणी इटालियन म्हणून ओळखतो ना त्यातली कितीतरी नेपल्सचीच, 'फुनिकुली फुनिकुला' तर १८८० मध्ये तिथल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीवर चढायला रेल्वे झाली त्यावरचं आहे. उत्तरेकडच्या मिलानमध्ये रिसोत्तो, म्हणजे तिकडचा भात, खाताना मेंडोलिन ऐकू आलं तर ते मुद्दाम आणलेलं समजा.

खवय्या: आणि जगभर पसरलं ते स्थलांतरामुळे. १८८० नंतर लाखो लोक अमेरिकेत गेले, त्यात दक्षिण इटलीचेच जास्त, मग तिकडे खानावळी काढल्या त्यात टोमॅटोचा सॉसही दक्षिणेचा आणि गाणीही दक्षिणेची.

तारांकित: वरचं सगळं पटलं पण कृपा करून याला फक्त हॉटेलातलं वाद्य समजू नका, मला फार वाईट वाटतं. व्हिवाल्डी या संगीतकाराने मेंडोलिनसाठी कॉन्चेर्तो, म्हणजे एक वाद्य पुढे आणि वाद्यवृंद साथीला अशी रचना, लिहिलाय, मोझार्टने १७८७ च्या 'डॉन जोव्हानी' या ऑपेरात नायक खिडकीखाली गातो तिथे साथीला हेच घेतलंय. नेपल्सच्या मेंडोलिनचं पोट गोल असतं, आठ तारा चार जोड्यांत आणि व्हायोलिनसारख्याच सुरांत लावलेल्या. तार छेडली की सूर लगेच विरतो, म्हणून लांब सूर हवा असेल तर पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या पट्टीने, तोच सूर भराभर वाजवत राहायचं, त्याला ट्रेमोलो म्हणतात. तुम्हाला जो थरथरता आवाज आवडतो तो हाच. आणि इटलीच्या ज्या मार्गेरिता राणीचं नाव पिझ्झाला आहे ती स्वतः मेंडोलिन वाजवायची!

सूरवेडा: वा, राणीचं माहीतच नव्हतं! नुसतं मेंडोलिन ऐकायचं तर सुरुवात कशाने करू?

तारांकित: राफाएले कालाचे, नेपल्सचाच संगीतकार. त्याचे एकट्या मेंडोलिनसाठी लिहिलेले प्रेल्यूड, म्हणजे छोट्या रचना, ऐका, पण जेवताना नको, शांत बसून.