मदत हवी आहे: होडी बांधणाऱ्या वडिलांना व्हायकिंग जहाजं दाखवायची आहेत. रोस्किल्डला एक दिवस पुरेल का?

बंदरकाठचा

नमस्कार मंडळी,

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बाबांना घेऊन ताईकडे चाललोय. ताई स्वीडनला, माल्मोला असते. बाबा ७२ वर्षांचे. देवगडकडे आयुष्यभर होड्या बांधल्या, दुरुस्त केल्या. आता फायबरच्या होड्या आल्यापासून काम बंद आहे, पण किनाऱ्यावर कुणाची होडी ओढलेली दिसली की हात लावून बघितल्याशिवाय पुढे जात नाहीत.

परदेशात काय बघायचंय असं ताईने फोनवर विचारलं, तर म्हणाले, "तुमची चर्चां नि राजवाडे बघून मी काय करू?" शेवटी भाच्याने (वय १०) व्हायकिंग जहाजाचं चित्र पाठवलं, तेव्हा कुठे गडी बोलायला लागला. म्हणून आता सहलीचा एक दिवस पूर्णपणे बाबांचा ठरवलाय.

प्रश्न असे:

१. ताई म्हणते डेन्मार्कातलं रोस्किल्ड जवळ आहे. पण इंटरनेटवर सगळीकडे ओस्लोच्या जहाजांचे फोटो दिसतात. ओस्लोला जावं का?
२. बाबांचे गुडघे दुखतात. सपाटीवर अर्धा तास चालतात, चढ आला की बसतात.
३. काचेमागची जहाजं बघून ते दहा मिनिटांत बाहेर येतील. प्रत्यक्ष काम कुठे बघायला मिळेल का?
४. मासे खाणारा माणूस आहे, पण "कच्चां खाणार नाय" हे आधीच जाहीर झालंय.

खर्चाचं फार नाही, पण एकच दिवस आहे. चुकायला नको.

आगाऊ_कार्टा

ओस्लोच हो! ओसेबर्गचं जहाज बघा, नाळेवरचं नक्षीकाम बघून डोळे दिपतात. रोस्किल्डला अर्धवट फळ्या लोखंडी सांगाड्यावर लटकवल्यात. मी वीस मिनिटांत बाहेर पडलो होतो.

झुळूक

कार्ट्या, तू गेलास कधी? ओस्लोचं ते संग्रहालय २०२२ मध्ये मोठ्या बांधकामासाठी बंद झालं. तिकडे जायचं म्हणणाऱ्याने आधी ते उघडलंय का हे बघावं, मग तिकीट काढावं.

बंदरकाठचा, मी नऊ वर्षं कोपनहेगनला आहे आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला रोस्किल्डला नेते. तुमच्या बाबांसाठी तर मी डोळे झाकून रोस्किल्ड म्हणेन, आणि ते जवळ आहे म्हणून नाही. ओस्लोची ओसेबर्ग आणि गोकस्टाड ही मयतासोबत पुरलेली जहाजं आहेत, थोरामोठ्यांची. रोस्किल्डची जहाजं कामाची. मासेमारीची, मालाची, लढाईची. वापरून वापरून जुनी झाली, आणि १०७० च्या सुमारास दगड भरून मुद्दाम खाडीत बुडवली, म्हणजे समुद्राकडून येणाऱ्या शत्रूला शहरापर्यंतची वाट मिळू नये. जवळच्या गावाचं नाव स्कुल्डेलेव्ह, म्हणून ती स्कुल्डेलेव्हची जहाजं.

तिथल्या कोळ्यांना पाण्याखाली काहीतरी अडथळा आहे हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. राणी मार्ग्रेटेने, म्हणजे १४०० च्या आसपास, तिथे जहाज बुडवलं अशी दंतकथा होती. पाणबुडे उतरले तेव्हा ती त्याहून कितीतरी जुनी निघाली. १९६२ मध्ये भोवती बांध घालून, पाणी उपसून, चिखलातून एकेक तुकडा काढला. म्हणून ती अर्धवट दिसतात. आगाऊ कार्ट्याला दिसल्या त्या "लटकवलेल्या फळ्या" ह्याच.

आता व्यवहाराचं:

माल्मोहून ओरेसुंडच्या पुलावरून कोपनहेगनला गाडी येते, तिथे बदलून रोस्किल्ड. कोपनहेगनहून साधारण पंचवीस-तीस मिनिटं. पासपोर्ट सगळ्यांनी जवळ ठेवा, दोन देशांमध्ये तपासणी होऊ शकते, विशेषतः परतताना. कोपनहेगन कार्ड घ्यायचा विचार असेल तर त्यात गाडी, संग्रहालय आणि कॅथेड्रल तिन्ही येतात का ते घेताना बघून घ्या, माझ्या वेळी येत होती.

स्टेशन आणि कॅथेड्रल वर आहेत, संग्रहालय खाली खाडीकाठी. जाताना बागेतून छान उतार लागतो. परतताना तोच चढ आहे, तिथे हिरोगिरी नको, बस किंवा टॅक्सी करा.

आणि निघण्याच्या आदल्या दिवशी संग्रहालयाचं संकेतस्थळ बघाच. जहाजांचं दालन १९६९ चं, काँक्रीटचं, अगदी पाण्याच्या काठावर. २०१३ च्या वादळात पाणी आत शिरलं होतं. तिथे नवी इमारत करायचं घाटतंय, त्यामुळे काय उघडं आहे ते बघूनच निघा.

चहाबाज

झुळूक यांनी सगळं सांगितलंच आहे. माझी भर कॅथेड्रलची. "चर्चां नको" म्हणणाऱ्या बाबांनाही तिथे अर्धा तास न्याच, पण आधी ते उघडं आहे का ते बघा. लग्न किंवा अंत्यविधी असला की पर्यटकांना बंद असतं आणि रविवारी सकाळी प्रार्थना असते.

इमारत विटांची आहे. ११७० च्या दशकात सुरुवात झाली, तेव्हा तिकडे विटांचं बांधकाम नवीनच होतं. आत डेन्मार्कचे चाळीसेक राजे-राण्या पुरलेत, त्यात झुळूकने सांगितलेल्या दंतकथेतली मार्ग्रेटेही आहे. चौथ्या ख्रिश्चनचं दालन चुकवू नका. ह्याच्याच काळात १६२० मध्ये डेन्मार्कने तमिळनाडूत तरंगंबाडीला ठाणं मांडलं. तिथला डॅन्सबोर्ग किल्ला आम्ही पाहिला होता, आणि नंतर इथे त्याच्या शवपेटीपुढे उभं राहिल्यावर बायको म्हणाली, "हा बसला इथे, आणि माणसं पाठवली तिकडे उन्हात."

भाच्यासाठी दोन गोष्टी. एक जुनं घड्याळ आहे, तासाला घोडेस्वार आणि राक्षसी सर्प हलतात आणि सर्प किंचाळतो, म्हणून तास भरायच्या पाच मिनिटं आधी जाऊन उभे राहा. आणि एका खांबावर राजांच्या उंचीच्या खुणा आहेत. पहिल्या ख्रिश्चनची २१९ सेंटीमीटरच्याही वर कोरलीय. हाडं मोजली तर तो १८८ च्या आसपास निघाला. दरबारी मंडळी सगळीकडे सारखीच.

आगाऊ_कार्टा

भाच्याला ब्लूटूथचं पण सांगा. हेराल्ड ब्लूटूथ हा दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा, रोस्किल्डला पहिलं लाकडी चर्च त्याने बांधलं असं मानतात. मोबाइलवरची ती खूण म्हणजे त्याच्या नावाची दोन आद्याक्षरं, रून लिपीतली. (ओस्लोचं मागे घेतो. मी २०१६ ला गेलो होतो.)

बंदरकाठचा

सगळ्यांचे आभार. बाबांना झुळूकचा प्रतिसाद वाचून दाखवला. शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ता सगळां ठीक आसा, पण खिळे कशे मारल्यानी ता दाखवतले काय?"

तर तिसरा प्रश्न अजून उभा आहे.

करवतकाठी

मी फर्निचरवाला, होडीवाला नाही, पण ह्याच कारणासाठी रोस्किल्डला दोनदा गेलोय. तेव्हा बाबांना हे सांगा.

संग्रहालयाच्या बाहेर बंदर आहे आणि तिथेच होड्या बांधायची जागा. उन्हाळ्यात कारागीर उघड्यावर काम करत असतात, तुम्ही शेजारी उभं राहून बघू शकता, प्रश्न विचारू शकता. इंग्रजी उत्तम बोलतात. जुन्या जहाजांच्या हुबेहूब प्रती ते जुन्या पद्धतीच्या हत्यारांनी बांधतात आणि प्रत्यक्ष पाण्यात घालून बघतात.

आपल्याकडे फळीला फळी कडेला कड लावून बसते, बरोबर? तिकडे वरची फळी खालच्या फळीवर चढते, छपरावरच्या कौलांसारखी. दोन्हीच्या मध्ये डांबरात भिजवलेली लोकर. बाहेरून लोखंडी खिळा आत येतो, आतून त्याच्यावर छोटी लोखंडी चकती चढवायची आणि टोक ठेचायचं. आणि बाबांना गंमत वाटेल ती ही की आधी बाहेरचं कवच उभं राहतं, आतल्या बरगड्या मागाहून बसवतात. करवत जवळजवळ नाहीच. ओकचं ओलं खोड पाचरींनी मधोमध फोडायचं, मग पुन्हा मधोमध, कलिंगडाच्या फोडींसारखं, आणि कुऱ्हाडीने तासून फळी करायची. लाकडाचा धागा तुटत नाही, म्हणून फळी पातळ असूनही लवचिक आणि दणकट.

खाडीतून काढलेल्या पाच जहाजांतलं सर्वात लांब साधारण ३० मीटरचं. लाकडाच्या कड्यांवरून कळलं की ते १०४२ मध्ये आयर्लंडला, डब्लिनजवळच्या ओकपासून बांधलेलं. त्याची प्रत ह्याच बंदरात बांधली, तिला सुमारे ७००० खिळे आणि ३०० ओक लागले. २००७ मध्ये साठेक माणसं ती वल्ह्यांनी आणि शिडावर रोस्किल्डहून डब्लिनला घेऊन गेली, पुढच्या वर्षी परत आणली. बंदरात असली तर समोरच दिसेल.

उन्हाळ्यात साधारण तासभराची फेरीही असते. तुम्हालाच वल्ही मारायची, खाडीत गेलं की शीड चढवायचं. तिकिटं मोजकी असतात, आत शिरल्या शिरल्या काढा. होडीत उतरायला पायरी उंच आहे, तेवढं बाबांना धरा. बसल्यावर तुम्हालाच त्यांना धरून बसावं लागेल.

एक कोडं बाबांसाठी: जहाजांना क्रमांक १ ते ६ आहेत. ४ नंबर शोधून दाखवा म्हणावं.

झुळूक

करवतकाठी, माझ्या नऊ वर्षांत हे कौलांचं कुणी सांगितलं नव्हतं :)

खाण्याचं राहिलं. डेन्मार्कात हेरिंग नावाचा मासा व्हिनेगर-साखरेत मुरवतात, बाबांना तो गोडसर लागेल आणि राग येईल. त्यापेक्षा बांगड्याचा डबा घ्या, टोमॅटोतला, कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. काळ्या राय-पावावर घालून खातात. इथल्या मुलांचा शाळेतला डबाच आहे तो. हवा थंड वाऱ्याची असेल, जुलै असला तरी जाकीट न्या. आणि बरं झालं तिसरा आठवडा आहे. जूनच्या शेवटी नि जुलैच्या सुरुवातीला तिथे मोठा संगीत महोत्सव असतो, गाडीत पाय ठेवायला जागा नसते.

बंदरकाठचा

परत आलो. धागा अर्धवट राहू नये म्हणून लिहितोय.

दिवस ठरला तसाच गेला, फक्त क्रम उलटा झाला. बाबा स्टेशनवरून थेट खाली म्हणाले. कॅथेड्रल शेवटी केलं, टॅक्सीने वर आलो. साप किंचाळला, भाचा खूश. बाबा बाकावर बसून विटा बघत होते, "भिंत सरळ आसा" एवढंच बोलले.

जहाजांच्या दालनात मला वाटलं होतं ते सर्वात लांब जहाजापुढे उभे राहतील. ते गेले सर्वात लहानाकडे, ६ नंबरच्या. ११ मीटरची, नॉर्वेत बांधलेली मासेमारीची होडी, आणि नंतर कुणीतरी तिच्यावर आणखी एक फळी चढवून ती मालासाठी केलेली. पाटी मी वाचून दाखवायच्या आत त्यांनी ती वरची फळी बोटाने दाखवली. म्हणाले, "ही मागसून घातलली. गिऱ्हाइकान सांगितल्यान आसतला, जरा उंच कर. आमका पण सगळे असांच सांगत."

४ नंबर त्यांनी दोन फेऱ्या मारून शोधला, मग वैतागून तिथल्या एका मुलीला मलाच विचारायला लावलं. उत्तर असं की सुरुवातीला सहा जहाजं वाटली होती, नंतर कळलं की ४ नंबर हा २ नंबरचाच तुकडा. म्हणजे त्या लांबड्या डब्लिनवाल्याचा. बाबांना हे फार पटलं नाही. "आधी फळ्यो जुळवून बघूचो, मगे नंबर घालूचो," असं त्यांचं म्हणणं. मग तिने आणखी एक सांगितलं. १९९६-९७ मध्ये ह्याच संग्रहालयाचं बंदर वाढवायला खणत होते, तर खाली आणखी नऊ जहाजं सापडली, आणि त्यातलं एक साधारण ३७ मीटरचं, आजवर सापडलेल्या व्हायकिंग जहाजांत सर्वात लांब. यावर मात्र बाबा हसले.

बाहेर कारागिरांजवळ आम्ही दोन तास होतो. भाषा एक शब्द कळत नाही, पण खिळा, चकती आणि हातोडी ह्यांना भाषा लागत नाही. मी दुभाषा म्हणून गेलो होतो, दहा मिनिटांत बेकार झालो. फेरीचं तिकीट मिळालं. वल्हं बाबांनीच मारलं, मी धरून बसलो ते भाच्याला.

बांगड्याचे चार डबे बॅगेतून घरी आलेत.

करवतकाठी, एक काम आहे. खोड फोडून फळी काढतात म्हटल्यावर बाबांचा हिशेब बसत नाहीये. पाचरीने फोडलेल्या एका ओकातून चांगल्या फळ्या किती निघतात? आणि उरलेल्याचं काय करतात? तिथे विचारायचं राहिलं, आणि आता रोज संध्याकाळी मला विचारतायत.