केस परत आले, पण 'आमचं चुकलं' म्हणायला कोण आलं?

पूर्णाकाठचा

शेगाव तालुक्यातून लिहितोय. गावाचं नाव टाकत नाही. घरात बहीण लग्नाची आहे आणि 'टकल्यांचं गाव' हा शिक्का पुसायला अजून वर्ष-दोन वर्षं तरी जातील.

विसरले असाल तर आठवण करून देतो. डिसेंबर 2024 च्या शेवटी आमच्याकडे डोकं खाजायला लागलं. कोणाला कणकण, कोणाला मळमळ. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंगव्यात केसांचा पुंजका, मग नुसता हात फिरवला तरी मूठभर हातात. पेपरात आधी बोंडगाव, कालवड, हिंगणा ही नावं आली, पुढे आकडा 18 गावं आणि 279 माणसांवर गेला. माझे पाच दिवसांत गेले. उरलेसुरले मीच दाढीच्या मशीनने काढले, कारण न्हावी खुर्चीत बसू देईना. त्याचा राग नाही, त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

आधी म्हणाले शाम्पू. आमच्या आजीने जन्मात शाम्पू लावला नाही, तिचेही गेले. मग म्हणाले पाणी. मग बुरशी. फेब्रुवारीत महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी सांगितलं की रेशनच्या गव्हात सेलेनियम नावाचं मूलद्रव्य आहे, किलोला 14.52 मिलिग्रॅम, आणि गहू पंजाब-हरियाणाकडचा. आयसीएमआर, म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या तपासणीतही रक्तात सेलेनियम वाढलेलं आढळल्याच्या बातम्या आल्या. एप्रिलमध्ये नखं ठिसूळ होऊन गळायला लागली.

केस आले परत. आता भांडण केसांचं नाही. पाणी-बुरशी चालू होतं तोवर आमच्या ओट्यावर इतके पुढारी येऊन गेले की आईने चहाचे कप शेजारून मागून आणले. डोक्यावरून हात, फोटो, "आम्ही पाठीशी आहोत". गव्हाचं नाव निघालं आणि ओटा रिकामा झाला. बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव केंद्रात आरोग्य राज्यमंत्री आहेत, म्हणजे आरोग्य खातं जिल्ह्याच्या दारात आहे. मी त्यांना एकट्यालाच धरत नाही. सगळ्यांनाच विचारतो. पैसे नकोत. ग्रामसभेत उभं राहून कोणीतरी एवढंच म्हणावं, "गहू आमच्या गोदामातून आला, तो आम्ही तपासला नाही." हे मागणं जास्त आहे का?

चावडीवरचा बाप्पू

हाव भाऊ, जास्तच आहे. नेता काय डॉक्टर असते काय? जानेवारीतच आयसीएमआरचे लोक दिल्ली-चेन्नईहून गावात उतरले. एरवी आपल्याकडं कुत्रं चावलं तं लशीसाठी तालुक्याले पयावं लागते. ते पथक काय आपोआप आलं? कोनीतरी फोन फिरवला असन ना. आले तं म्हनता फोटो काढाले आले. नसते आले तं म्हनले असते, मेलो का जगलो पायले नाई. दोन्हीकून तुमचीच बोंब.

एका ओळीचा

निकाल लागून महिना झाला होता. हेच केस नोव्हेंबरच्या मतदानाआधी गेले असते तर घरोघर विग वाटले असते, कमळ-धनुष्य-पंजा-घड्याळ सगळ्या रंगांत.

आशा आहे अजून

मी आशा वर्कर आहे. बाप्पू काका, पथक आलं ते खरं, पण त्यांच्यापुढे घरोघर मी फिरले. रक्त, लघवी, केस, विहिरीचं पाणी, सगळ्याच्या नमुन्यांना माणसं मीच तयार केली. "तुमच्याच गोळ्यांनी केस गेले" म्हणून एका घरातून मला बाहेर काढलं. मलाच कोणी काही सांगितलेलं नव्हतं, तर मी काय उत्तर देणार? वर विचारलं की "लोकांमध्ये घबराट पसरू देऊ नका" एवढंच.

आणि ते 279 म्हणता ना, ते नोंद झालेले. गड्यांचं टक्कल टीव्हीवर आलं. बायकांनी पदर पुढे ओढून घेतला. दोघी-तिघींनी माझ्यापुढे हात जोडले, "बाई, यादीत नाव नको घालू." मी घातलं नाही. चूक केली असेल.

गुणाकार भागाकार

शाळेत गणित-विज्ञान शिकवतो, म्हणून एक हिशेब. सेलेनियम शरीराला लागतं, पण मोठ्या माणसाला दिवसाला 55 मायक्रोग्रॅमच्या आसपास. रोजची वरची मर्यादा 400 धरतात. बावस्करांचा आकडा घेतला तर पाव किलो गव्हाच्या पोळ्यांतून 3630 मायक्रोग्रॅम पोटात जातं. म्हणजे मर्यादेच्या नऊपट, आणि आमच्याकडे मजुरी करणारा माणूस पाव किलोवर उठत नाही.

केस आणि नखं गळणं ही सेलेनियमची जुनी ओळख आहे. चीनमध्ये एन्शी भागात 1960 च्या दशकात गावंच्या गावं अशी झाली होती. तरी पहिल्या आठवड्यात कोणाला हे सुचलं नाही याबद्दल मी कोणाला बोल लावणार नाही. आपल्याकडे खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारं, तोंडात पाणी घेतलं की आधी पाण्यावरच संशय जातो, आणि पाण्यात क्षार-नायट्रेट जास्त निघालेही. पण गव्हाचं नाव निघाल्यावर 'कोणत्या गावात कोणता गहू गेला' ही यादी लोकांसमोर लावायला काय हरकत होती?

बिनफीचा वकील

मास्तर, 'बावस्करांचा आकडा घेतला तर'. गाडी या 'तर'पाशीच अडते. रेशनचा गहू एका तालुक्यासाठी वेगळा दळून येत नाही. मग केस याच पट्ट्यात का गेले? कोर्टात पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न येईल. बावस्करांबद्दल मला आदरच आहे, विंचूदंशाच्या उपचारावर काम केलेला माणूस, स्वतःच्या खर्चाने तपासण्या केल्या. पण एका डॉक्टरच्या नमुन्यांवर मंत्र्याने जाहीर कबुली द्यायची? उद्या दुसरा अहवाल वेगळं म्हणाला तर तुम्हीच त्याला वेड्यात काढाल.

दुसरं. गहू अन्न महामंडळाचा, म्हणजे केंद्राच्या अन्न मंत्रालयाचा. वाटप राज्याच्या पुरवठा विभागाचं. पाणी जिल्हा परिषदेचं. आजार आरोग्य खात्याचा. तुमच्या वाक्यातले 'आम्ही' कोण? आरोग्यमंत्र्याने गव्हाची माफी मागायची म्हणजे शेजाऱ्याच्या बैलाने पीक खाल्लं म्हणून आपण पंचनाम्यावर सही करायची.

पूर्णाकाठचा

वकीलसाहेब, रेशनच्या पिशवीवर फोटो छापताना 'आम्ही कोण' हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. तेव्हा केंद्र, राज्य, मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री एकाच पिशवीवर मावले.

आणि घटनेत मंत्रिमंडळ सामूहिकपणे जबाबदार असतं म्हणून आम्हाला शाळेत पाठ करायला लावलं होतं, ते काय फक्त पाच मार्कांसाठी?

बिनफीचा वकील

कलम 75. सामूहिकपणे जबाबदार, बरोबर. पण लोकसभेला. राज्यात 164, तिथे विधानसभेला. तुमच्या ग्रामसभेला नाही.

एका ओळीचा

म्हणजे जबाबदारी आहे, फक्त आपल्या पत्त्यावर येत नाही.

गुणाकार भागाकार

वकीलसाहेबांचा पहिला प्रश्न मात्र रास्त आहे, तो उडवून लावू नका. माझं उत्तर अर्धवटच आहे. गव्हाच्या कट्ट्याला, म्हणजे पोत्याला, कट्टा सारखा नसतो. पंजाबात काही भागातल्याच जमिनीत सेलेनियम जास्त आहे, तिथला माल कोणत्या गाडीत भरला गेला यावर सगळं. शिवाय त्या गव्हात जस्त फार कमी असल्याचंही बावस्करांनी सांगितलं होतं. खारं पाणी, जस्त कमी, सेलेनियम जास्त, हे तिन्ही एकत्र आलं असेल. असेल म्हणतो, आहे म्हणत नाही. हा सगळा खुलासा मी, एका जिल्हा परिषद शाळेचा मास्तर, रात्री साडेअकराला मोबाईलवर करत बसलोय, हेच मला विचित्र वाटतं.

यवतमायचा

तुमचे केस तरी वापस आले राजेहो. 2017 ले आमच्या जिल्ह्यात कपाशीवरच्या औषध फवारनीनं वीसच्या वर मानसं गेली. शेकड्यानं दवाखान्यात होते, कोनाले दिसे नाई, कोनी बरयत होतं म्हनून पलंगाले बांधून ठेवले. एसआयटी, म्हंजे चौकशी पथक, बसली, दोन दोन लाख भेटले मेलेल्याच्या घरी. अन् गावात काय ऐकू आलं? हातमोजे घातले नाई, तोंडाले फडकं बांधलं नाई, वाऱ्याच्या उलट फवारलं. म्हंजे मेला तो त्याच्या चुकीनं मेला.

त्या साली पराटी, म्हंजे कपाशीचं झाड, मानसाच्या डोक्यावर गेलती. फवारा वरतून तोंडावर येत होता. बीटी बियानं असून बोंडअयी कायले थांबत नाई, दुकानदार दोन दोन औषधं मिसयून कायले देते, हे इचारनारा कोनी नोता. तुमच्याकडं आधी शाम्पू म्हनले ना? तो आमचा हातमोजा हाय.

चावडीवरचा बाप्पू

मंग हातमोजे घातले नोते हे खोटं होतं काय?

यवतमायचा

खरं होतं. आता तू ये ऑक्टोबरच्या उन्हात. हातमोजे, प्लास्टिकचा झगा, चष्मा, मास्क, सगयं मी आनतो. पाठीवर पंप मी चढवतो. दोन एकर फवार अन् मंग बोल.

चावडीवरचा बाप्पू

चिडू नोको दादा. माझा भाचा बी फवारतो. मी एवढंच म्हनतो, का सगयं नेत्यावर टाकलं का आपन मोकये. कोनती ग्रामसभा भरते आपल्याकडं? कोरम नाई म्हनून तहकूब, अन् मंग पारावर बसून सरकारले शिव्या. मी बी तिथंच बसतो, खोटं कायले बोलू.

मापात पाप नाही

रेशन दुकानदार आहे. कोणत्या गावचा ते विचारू नका. त्या दिवसांत लोक माझ्या अंगावर धावून आले. मी सांगत होतो, बाबांनो, कट्टा शिवलेला येतो, शिवलेलाच मी उघडतो, माझ्याकडे वजनकाटा आहे, प्रयोगशाळा नाही. माणशी पाच किलो द्यायचं, अंगठा घ्यायचा, एवढंच माझं काम. माझी मुलगीही तोच गहू खात होती.

पण एक गोष्ट इथे कोणीच काढली नाही. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात प्रत्येक दुकानावर दक्षता समिती आहे. आमच्याकडे सरपंच अध्यक्ष, गावातलीच माणसं सभासद. धान्य कसं आलं ते बघायचं, वाईट असेल तर वर कळवायचं. रजिस्टर माझ्याकडे असतं. बैठक होत नाही, सह्या मी घरोघर जाऊन आणतो. सगळीकडे तसंच चालतं. धागा काढणारे भाऊ, तुमच्या गावची समिती शेवटची कधी बसली?

बिनफीचा वकील

हा प्रश्न मी विचारायला हवा होता.

पूर्णाकाठचा

काल उत्तर दिलं नाही कारण माहीत नव्हतं. आज माहीत आहे.

माझा सख्खा काका त्या समितीत आहे. मला पत्ताच नव्हता. जेवताना विचारलं, "काका, गव्हाची बैठक झाली होती का?" म्हणाला, "सही केली असन बा." मी म्हटलं, कशावर? तो म्हणाला, "रजिस्टरवर." काकाचे स्वतःचे केस गेले होते. भाकर मोडता मोडता थांबला आणि मग काहीच बोलला नाही. काकू म्हणाली, आता जेवू दे त्याला.

चावडीवरचा बाप्पू

पाय! मी काय सांगू रायलो मघापासून?

पूर्णाकाठचा

पाहिलं बाप्पू काका. आमच्या घरची चूक होती, ती मी इथे लिहिली. काकाला विचारून लिहिली, तो म्हणाला लिही. चार ओळी लागल्या. जेवण कडू झालं, पण घर पडलं नाही. माझ्या काकाकडे ना खातं, ना सचिव, ना लाल दिवा. त्याला जे जमलं ते वरच्यांना का जमू नये, हाच माझा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न आहे.

बिनफीचा वकील

कारण तुमच्या काकाविरुद्ध कोणी भरपाईचा दावा लावणार नाही. मंत्र्याचं एक वाक्य म्हणजे 279 दाव्यांचं जोडपत्र. त्याला सल्ला देणारा माझ्यासारखाच कोणीतरी असतो आणि तो पहिलं हेच सांगतो, की सहानुभूती दाखवा, कबुली देऊ नका. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, असं चालतं एवढं सांगतो.

तुमचं खरंच काम करायचं असेल तर कबुलीच्या मागे लागू नका, कागदाच्या मागे लागा. ऑक्टोबर ते जानेवारी तुमच्या दुकानात आलेल्या गव्हाची परमिटं, गोदामातून उचल केल्याच्या नोंदी, तपासणी अहवालाची प्रत. माहिती अधिकारात मागा, तीस दिवस. ग्रामसभेचा ठराव जोडा. अर्ज मी लिहून देतो, फी नाही, नावातच आहे.

आशा आहे अजून

ठरावाला बायका मी आणते. पदर घेऊन येतील, पण येतील. कोरमची काळजी करू नका.

गुणाकार भागाकार

त्या महिन्यातला गहू कोणाकडे शिल्लक आहे का? मूठभर चालेल.

पूर्णाकाठचा

आहे. दोनेक किलो. फेब्रुवारीपासून आईने स्टीलच्या डब्यात भरून वर माळ्यावर ठेवलाय, झाकणाला दोरी बांधून. कोंबड्यांनाही टाकू देत नाही. "कोणी विचारायला आलं तर?" म्हणते. मी हसायचो तिला.

मापात पाप नाही भाऊ, तुमच्याकडे त्या वेळचे कट्टे असतील का? त्यावर हंगाम आणि राज्याचा शिक्का असतो ना?

मापात पाप नाही

असतो. पण बारदाना, रिकामे कट्टे, दर महिन्याला विकतो भाऊ, त्यातच चार पैसे सुटतात. त्या वेळचे तर कधीच गेले. खामगावच्या व्यापाऱ्याने नेले. तरी मागच्या खोलीत दोन-चार फाटके पडलेत, पावसाचं पाणी आत येतं म्हणून दाराखाली लावले होते. सकाळी उजेडात बघून सांगतो.