मदत हवी आहे: डीटीडीत ‘दोन ते चार रंग’ कसं लिहायचं?

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. बाहेरगावच्या व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी आता एक्सएमएल (खुणांमध्ये बांधलेल्या माहितीच्या) फाइलमध्ये येतात. त्या तपासून घ्यायला मी डीटीडी लिहितोय, म्हणजे फाइलमध्ये काय, किती वेळा आणि कोणत्या क्रमाने यावं याची नियमावली. अर्धवट ऑर्डर मागावर चढली तर सूत आणि रंगाई दोन्ही वाया जातात, म्हणून नियम पक्के हवेत. एलिमेंटची (फाइलमधल्या घटकांची) नावं मराठीतच ठेवली आहेत, एक्सएमएलला ती चालतात.

ऑर्डरचा नियम जमला:

(खरेदीदार, माल+, शेरा?)

खरेदीदार एकच, माल किमान एक, शेरा असला तर असला. अडलंय ते मालापाशी. वजन किंवा जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम) यांपैकी एक आणि रंग दोन ते चार हवेत:

(नाव, (वजन | जीएसएम), रंग, रंग, रंग?, रंग?)

एक पार्सर (फाइल वाचून तपासणारा प्रोग्रॅम) हे मुकाट घेतो, दुसरा मॉडेल संदिग्ध आहे म्हणून नाकारतो. असं का? शिवाय किनार आणि पॅकिंग काही व्यापारी उलटसुलट पाठवतात. तेवढा क्रम मोकळा सोडता येईल का?

उत्तर १
नाकारणाऱ्याचं बरोबर आहे. तिसरा रंग आला की तो पहिल्या ‘रंग?’चा की दुसऱ्याचा, हे तिथल्या तिथे ठरत नाही. एसजीएमएलशी (एक्सएमएल जिच्यातून आली त्या जुन्या भाषेशी) मेळ राहावा म्हणून एक्सएमएलने अशी व्याख्या चूक धरली आहे, पण ती दाखवायची सक्ती पार्सरवर नाही. म्हणून एक बोलतो, एक गप्प. चौथा रंग तिसऱ्याच्या कंसात घाला:

(नाव, (वजन | जीएसएम), रंग, रंग, (रंग, रंग?)?)

डीटीडीत आकडा लिहायची सोयच नाही. ?, * आणि + एवढंच हाताशी. चारपर्यंत निभेल, वीस रंगांचे कंस मात्र कुणी वाचू शकणार नाही.

मोकळ्या क्रमासाठी: ((किनार, पॅकिंग) | (पॅकिंग, किनार)). तीन एलिमेंट झाले की सहा क्रम होतात. एसजीएमएलमध्ये यासाठी ‘&’ होतं, १९९८च्या एक्सएमएल १.० मध्ये ते ठेवलं नाही.

मूळ प्रश्नकर्ता
मनापासून आभार! रंगांचा नियम दोन्ही पार्सरनी घेतला. पण पुढे बारकोडही येणार आहे, म्हणजे तीन झालेच. एक्सएसडीकडे (एक्सएमएलचे नियम लिहायच्या दुसऱ्या पद्धतीकडे) वळू का?

उत्तर २
वळा. तिथे किमान २, कमाल ४ असं सरळ आकड्यात लिहिता येतं, आणि ‘ऑल’ गटात क्रम मोकळा राहतो. फक्त एक्सएसडी १.० मध्ये ‘ऑल’मधला प्रत्येक एलिमेंट जास्तीत जास्त एकदाच येतो. तेव्हा रंग त्या गटात थेट टाकू नका, वेगळ्या ‘रंगसंच’ एलिमेंटमध्ये ठेवा.