शब्दचर्चा: ग्रहणाचे वेध आणि कुलाब्याची वेधशाळा

परळकर: 7 सप्टेंबर 2025 च्या चंद्रग्रहणाला टीव्हीवर सारखं 'सुतक काळ सुरू' दाखवत होते. आई म्हणाली, "कोण गेलं?" आमच्याकडे ग्रहणाचे वेध म्हणतात. तर प्रश्न असा, की हे वेध आणि वेधशाळेतला वेध एकच का? एक स्वयंपाक बंद करायला लावतो, दुसरी छत्री घ्यायला सांगते.

मालाडची मामी: सुतक हिंदीतून आलं. तिकडे ग्रहणालाही 'सूतक' चालतं. आपल्याकडे सुतक मृत्यूचं, जन्माचं ते सोयर. बातम्या घाईत उतरवल्या की असं होतं.

गिरगावातला जुना भाडेकरू: शब्द एकच. संस्कृत धातू 'व्यध्', म्हणजे टोचणे, भेदणे. कान टोचण्याचा संस्कार तो कर्णवेध. यंत्र रोखून ग्रहाची आकाशातली जागा टिपायची तोही वेध, म्हणून वेधशाळा. आणि ग्रहण लागण्याआधीच त्याची बाधा सुरू होते असं धर्मशास्त्र मानतं, ते ग्रहणाचे वेध. सूर्यग्रहणाला चार प्रहर आधी, चंद्रग्रहणाला तीन. प्रहर तीन तासांचा.

खरी गंमत क्रियापदात आहे. खगोलशास्त्रज्ञ वेध *घेतो*, तिथे कर्ता माणूस. ग्रहणाचे वेध *लागतात*, अनेकवचनी, आणि तिथे माणूस कर्ता नसतोच. ते आपल्याला लागतात, मग आपण *पाळतो*. 'ग्रहणाचा वेध घेतला' म्हटलं की दुर्बीण दिसते, 'वेध पाळले' म्हटलं की उपास. बोलताना कुणाचा गोंधळ होत नाही.

गोंधळ घालतात ते 'वेध पाळण्यामागे विज्ञान आहे' म्हणणारे. अन्नात जंतू वाढतात म्हणे! पृथ्वीची सावली चंद्रावर पडली तर माझ्या वरणाला काय होणार? पाळायचे तर श्रद्धेने पाळा, माझं काही म्हणणं नाही. विज्ञानाची साक्ष काढलीत की मात्र उलटतपासणी होणार.

दादर पश्चिम: काका, पण वेध घेणं आणि वेध पाळणं यांच्यातली ही भिंत तुम्ही म्हणता तेवढी पक्की नव्हती. कुलाब्याची वेधशाळा 1826 ची. एकोणिसाव्या शतकातले गणिती केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, तरुणपणी तिथे नोकरीला होते. जुन्या ग्रंथांवरून केलेलं गणित आणि प्रत्यक्ष आकाश यांचा मेळ बसेना, म्हणून त्यांनी नव्या गणिताचं पंचांग काढलं. 1865 पासूनचं पटवर्धनी पंचांग ते हेच. आग्रह दृक्प्रत्ययाचा होता, डोळ्यांना दिसतं त्याच्याशी गणित जुळलं पाहिजे. ग्रहण नक्की कधी लागणार हे ठरल्याशिवाय तुमचे तीन प्रहर मोजणार कुठून? कुणीतरी वेध घेतले म्हणून बाकीच्यांना वेध पाळता आले.

गिरगावातला जुना भाडेकरू: हे मान्य. मात्र केरूनानांनी वेळ दुरुस्त केली. जेवू नका, हे काही दुर्बिणीने सांगितलं नव्हतं.

वरळी कोळीवाडा: सप्टेंबरातल्या त्या ग्रहणाच्याच दिवशी लालबागच्या राजाचं विसर्जन भरतीमुळे रात्रीपर्यंत लांबलं. वेधांत विसर्जन चालतं का, यावर आमच्या नाक्यावर जोरात भांडण. कुणाच्या लक्षात येत नव्हतं, की पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी, चंद्र साधारण एका ओळीत येतात म्हणून उधाणाची भरती येते, आणि तीच ओळ नेमकी जुळली की चंद्रग्रहण. भरती आणि ग्रहण एकाच घरातले. त्या रात्री दहाच्या सुमाराला चंद्र पृथ्वीच्या गडद सावलीत शिरू लागला.

परळकर: मग 'गणपतीचे वेध लागले' मधले वेध? त्यात तर बाधा नाही.

गिरगावातला जुना भाडेकरू: ते 'लागणे'वालेच. घटना घडायच्या आधीच तिचा असर सुरू, एवढा अर्थ उरला आणि अशुभ गळून पडलं. शाळेच्या सुट्टीचे वेध, गावी जायचे वेध, सगळे याच घरचे. पेपरवाले मात्र हल्ली 'निवडणुकीचे वेध' आणि 'निवडणुकीचा वेध' कुठेही टाकतात. पहिल्यात उमेदवार अधीर झालेले असतात, दुसऱ्यात वार्ताहराने अभ्यास केलेला असावा लागतो.

मालाडची मामी: म्हणूनच दुसरा छापायला कचरत असतील!